प्रवर्तकाचा अखेरचा चित्रपट

एखाद्या उद्योगाचा इतिहास लिहिताना त्याच्या आरंभाची तिथी आवर्जून नोंदविली जाते. परंतु ज्याने तो आरंभ केला त्याच्या अखेरच्या धडपडीची दखल क्वचितच घेतली जाते. दादासाहेब फाळके यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकलेला 'राजा हरिश्चंद्र' सर्वांना ठाऊक असतो. १९३७ सालचा 'गंगावतरण' मात्र विस्मरणात गेला आहे. वस्तुतः फाळके यांच्या जीवनाचा अर्थ या दुसऱ्या चित्रपटावाचून पुरता उलगडत नाही.

त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रण या विद्या आत्मसात केल्या होत्या. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि यंत्रसामग्रीसह परतले. त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना होता. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतचा भार पत्नी सरस्वतीबाईंनी उचलला. भांडवलाची उणीव कुटुंबाच्या श्रमाने भरून काढण्याचे हे विलक्षण उदाहरण होय.

१९१८ मध्ये भागीदारांच्या साहाय्याने हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. पैसा आला, तथापि त्याबरोबर पैशाचा हिशेबही आला. भागीदारांना काटकसर आणि नियमित निर्मिती हवी होती. फाळके यांना मनाजोगी कलाकृती हवी होती. मतभेद विकोपास जाऊन ते काशीला निघून गेले, १९२२ मध्ये परतले आणि पुढे पुन्हा बाहेर पडले. त्यानंतर हाती घेतलेला 'सेतुबंधन' पैशाअभावी रखडला. दरम्यान १९३१ मध्ये 'आलम आरा'ने बोलपटाचे युग सुरू केले होते. १९३२ मध्ये मूकपट म्हणून पडद्यावर आलेल्या 'सेतुबंधन'ला पुढे आवाजाची जोड द्यावी लागली.

अशा अवस्थेत १९३४ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांना पाचारण केले. प्रथम नकार देऊन अखेर ते राजी झाले. याच कोल्हापुरात दोन वर्षांपूर्वी प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला होता, आणि त्याची कथा फाळके यांच्याच पहिल्या चित्रपटाची, म्हणजे हरिश्चंद्राची होती! शिष्यपिढी पुढे निघून गेली होती. मूकपटात एका माणसाच्या हाती सारी सूत्रे राहू शकत होती. बोलपटाने संवाद, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे श्रमविभाजन अटळ केले. चौसष्टाव्या वर्षी फाळके यांना आपला धंदा नव्याने शिकावा लागला. 'गंगावतरण'ला सुमारे दोन वर्षे लागली आणि खर्च अडीच लाख रुपयांच्या घरात गेला. ऑगस्ट १९३७ मध्ये तो प्रदर्शित झाला. हाच त्यांचा दिग्दर्शक म्हणून एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपटही ठरला.

हे अपयश केवळ वार्धक्याचे म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. नव्या उद्योगात चुकांची किंमत पहिला माणूस मोजतो. त्याने मिळविलेले ज्ञान मात्र सर्वांना फुकट मिळते. त्यावर मोठ्या भांडवलाच्या संस्था उभ्या राहतात आणि प्रवर्तकाची पद्धत कालबाह्य ठरते. बाजारपेठेत या ऋणाची नोंद ठेवणारी वही नसते. ती समाजाने ठेवावयाची असते.

आपल्या समाजाने ती उशिराच उघडली. महायुद्धाच्या काळात चित्रपटनिर्मितीसाठी सरकारी परवाना आवश्यक झाला होता. सत्तरी ओलांडलेल्या फाळके यांनी आणखी एका चित्रपटासाठी परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. त्यानंतर लवकरच, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिकला त्यांचा अंत झाला. पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांच्या नावे देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार सुरू झाला. तो यथोचितच आहे. परंतु प्रवर्तकाला मरणोत्तर गौरवापेक्षा हयातीत कामाची संधी अधिक हवी असते, एवढे तरी त्या पुरस्काराच्या निमित्ताने दरवर्षी स्मरणात राहावे.