श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी : औंधचे चित्रकार राजेसाहेब

कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर फिरावयास गेला नाही असा विद्यार्थी कराडात विरळा. त्या संगमाच्या बाजूस जुना कोट आहे. त्यास लोक पंतांचा कोट म्हणतात. ज्या पंतप्रतिनिधी घराण्यामुळे त्यास हे नाव मिळाले, त्याच घराण्यात दि. २४ ऑक्टोबर १८६८ रोजी श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब ह्यांचा जन्म झाला. पुण्यास डेक्कन कॉलेजात शिकून ते बी. ए. झाले आणि १९०९ साली औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान, अवघ्या बहात्तर गावांचे. परंतु ह्या राजेसाहेबांनी जे केले ते मोठमोठ्या संस्थानिकांस साधले नाही. त्यांच्या चरित्रातील चित्रकलेचा भाग आम्ही येथे बालवाचकांपुढे ठेवीत आहो.

राजांनी पुराणकथांची चित्रे काढवून घ्यावी, ही चाल जगात जुनीच आहे. सतराव्या शतकात स्पेनचा राजा चौथा फिलिप ह्याने आपल्या शिकारखान्याच्या वाड्यासाठी रूबेन्स ह्या विख्यात चित्रकाराकडून ग्रीक पुराणांतील साठांवर प्रसंगांची चित्रे करविली. रूबेन्सने लहान कच्ची चित्रे काढावी व त्यांवरून पुष्कळशी मोठी चित्रे इतर चित्रकारांनी रंगवावी, असे ते काम चाले. त्यांत इकारसच्या पतनाचे एक चित्र आहे. बापाने पिसे व मेण ह्यांचे पंख करून दिले. मुलगा उड्डाणाच्या भरात सूर्याच्या फार जवळ गेला. मेण वितळले आणि तो समुद्रात पडला. आपल्या रामायणातील संपातीची कथा कोणास आठवणार नाही? त्याचेही पंख सूर्याच्या तापानेच जळाले; मात्र ते धाकट्या भावास, जटायूस, वाचविताना. अशा कथा रंगविण्यापूर्वी रूबेन्स तरुणपणी इटलीत सुमारे आठ वर्षे राहिला व तेथील प्राचीन पुतळ्यांचा त्याने बारकाईने अभ्यास केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बाळासाहेबांनी नुसती चित्रे काढविली नाहीत. कुंचला स्वतः हाती धरला. रामायणातील प्रसंग त्यांनी रंगविले व १९१६ साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. परंतु हे काम करताना एक मोठी अडचण उभी राहते. रामाचे वस्त्र कसे होते? पांडवांचा रथ, त्यांचे मुकुट, त्यांची आयुधे कशी होती? मनाला येईल तसा भरजरी पोशाख चढविला तर चित्र शोभिवंत दिसेल, पण प्राचीन काळचे ठरणार नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर बाळासाहेबांनी रूबेन्सप्रमाणेच प्राचीनांच्या कलाकृतींत शोधिले. अजिंठ्याची भित्तिचित्रे व वेरूळची लेणी त्यांनी अभ्यासिली, आणि वेरूळवर १९२९ साली व अजिंठ्यावर १९३२ साली माहितीची पुस्तकेही लिहिली.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे योजिले, तेव्हा १९१८ साली एक लक्ष रुपयांचे साहाय्य देण्याचे वचन बाळासाहेबांनी दिले. एवढ्याशा संस्थानास ही रक्कम थोडी नव्हे. त्या ग्रंथासाठी प्राचीन नमुन्यांवरून चित्रेही त्यांनीच काढिली. १९१९ साली आरंभिलेले ते कार्य १९६६ साली तडीस गेले. ते पाहावयास बाळासाहेब हयात नव्हते. तथापि फळ आपल्या डोळ्यांदेखत पदरी पडेल की नाही, हे पाहून वचन देणाऱ्यांपैकी ते नव्हते.

स्पेनच्या राजाची ती चित्रे त्या काळी त्याच्या वाड्यात येणाऱ्यांसच दिसत. बाळासाहेबांनी औंधास यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय बांधिले. ते १९३८ साली पुरे झाले. राजा रविवर्म्याची चित्रे व हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालक हे शिल्प तेथे आहे. लंडन-पॅरिस ज्यांनी नकाशातच पाहिले, अशा खटाव-माणच्या खेड्यांतील मुलांच्या दारी राजाने उत्तमोत्तम कला आणून ठेविली.

जी गोष्ट चित्रांची तीच सत्तेची. १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने बाळासाहेबांनी नवी राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपविला. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५१ साली त्यांचे देहावसान झाले. इकारसला आपले पंख मेणाचे आहेत ह्याचा विसर पडला. राजसत्तेचे पंखही मेणाचेच असतात, हे जाणून बाळासाहेब वेळीच आपण होऊन खाली उतरले; म्हणूनच सत्ता गेली तरी त्यांचे नाव राहिले.

विद्यार्थिमित्रहो, औंध आपल्याच जिल्ह्यात आहे. सुटीत आईबापांसह तेथे अवश्य जा. एखाद्या चित्रापुढे घटकाभर उभे राहा आणि त्यातील वस्त्र, दागिना, हाताची ठेवण नीट न्याहाळा. एवढे केलेत, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.