कॅमेऱ्याशिवाय सिनेमा

नॉर्मन मॅकलॅरेन मला आपल्या होस्टेलमधलाच कुणी वाटतो. जन्म १९१४, स्कॉटलंडमधलं स्टर्लिंग. १९३२ मध्ये तो ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. डोक्यात ॲनिमेशन, पण हाताशी कॅमेराच नाही! मग पठ्ठ्याने जुनी ३५ मिलिमीटरची फिल्म मिळवली, पाण्यात भिजवून तिच्यावरचा चित्रांचा थर धुऊन काढला आणि कोऱ्या पट्टीवर थेट रंगीत शाईने चित्रं रंगवली. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला १,४४०! चिकाटी बघा.

विद्यार्थी असतानाच केलेल्या त्याच्या एका सिनेमावर खूश होऊन जॉन ग्रिअरसन यांनी त्याला लंडनच्या जीपीओ फिल्म युनिटमध्ये घेतलं. १९४१ मध्ये तो कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात गेला. फिल्मच्या कडेला असलेल्या ध्वनिपट्टीवर रेघा ओढून त्याने चक्क आवाजही 'काढला'. रेघांमुळे प्रोजेक्टरमधला प्रकाश कमी-जास्त होतो, फोटोसेल त्याचा विद्युतप्रवाह करतो आणि स्पीकर बोलतो. १९५२ च्या त्याच्या 'नेबर्स'ला ऑस्कर मिळालं. १९८७ मध्ये तो गेला.

लॅबमध्ये उपकरण नाही म्हणून प्रोजेक्ट अडलाय, असं कुणी म्हणालं की मला ती पाण्यात भिजत पडलेली फिल्म आठवते.