देव्हाऱ्यावरची तसबीर

आमच्या सासूबाईंच्या देव्हाऱ्यावर लक्ष्मीची एक जुनी तसबीर आहे. दिवाळीत काच पुसताना तळाशी रविवर्मा प्रेसचे नाव बारीक अक्षरांत दिसते. त्या राजा रविवर्मांची ही हकीगत.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोरातील किलिमानूरचा. मामांनी चित्रकलेचे धडे दिले व चौदाव्या वर्षी त्रिवेंद्रमच्या दरबारी नेले. तेलरंग तेव्हा नवे, शिकवायला कोणी राजी नसे. दरबारी आलेल्या एका युरोपियन चित्रकाराने आपले काम नुसते पाहू दिले, तेवढ्यावर हे शिकले.

आयिल्यम तिरुनाळ महाराजांची मर्जी होती, ददात कशाचीच नव्हती. तरी रविवर्मा तेवढ्यावर स्वस्थ बसले नाहीत. १८७३ साली केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीचे चित्र त्यांनी मद्रासच्या प्रदर्शनात ठेवले. त्याला गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच वर्षी व्हिएन्नालाही त्याचा गौरव झाला.

हीच गोष्ट पुढे कामी आली. १८८० साली महाराज वारले. नव्या महाराजांशी पटेना, दरबार सुटला. राजाश्रय गेला की कलावंताचे हाल कुत्रा खात नाही; पण यांचे नाव तोवर बाहेर पोचले होते. त्रावणकोरचे जुने दिवाण सर टी. माधवराव तेव्हा बडोद्यात दिवाण होते. १८८१ साली तिकडचे बोलावणे आले. पुढे सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी १४ पौराणिक चित्रे रंगवली. ती राजवाड्यात जाण्याआधी मुंबईत सर्वांसाठी मांडली, तेव्हा बघ्यांची रीघ लागली. १८९३ साली दहा चित्रे शिकागोला गेली, तिथेही पदके मिळाली.

धाकटे बंधू सी. राजराजवर्मा सदैव सोबत असत. तेही चित्रकारच, पण पत्रव्यवहार, रोजनिशी, कामाची ठरवाठरव, सारे त्यांनी वाहिले. त्यांचे नाव आज कोण घेतो? आपल्या घरांतूनही हे काही नवे नाही.

चित्रे छापून स्वस्तात विकावीत, ही सूचना माधवरावांची. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ज्यांना राजवाड्याची पायरी चढता येत नव्हती त्यांच्याही घरी लक्ष्मी-सरस्वती आल्या. धंदा मात्र साधला नाही. कर्ज वाढले आणि छापखाना श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला.

१९०५ साली भाऊ गेला. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९०६ रोजी किलिमानूरला रविवर्मांनी देह ठेवला. छापखाना पुढेही बरीच वर्षे चालला, १९७२ साली आगीत जळाला. आमची तसबीर त्याच्या कितीतरी आधीची. रंग विटले आहेत, पण सासूबाई ती बदलू देत नाहीत.