निगडीहून येरवड्याला

आमच्या निगडीतल्या शेजारचा मुलगा १९८८ साली आयटीआय करून भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लागला. दुसरी पाळी सुटली की टपरीवर चहा-सिगारेट ठरलेली. एका पगाराच्या रात्री दोस्ताने त्याच्या सिगारेटीत गर्दची पूड भरून दिली. मग दर पगाराला, मग दर रविवारी, मग रोज. एका पुडीने भागेना, दोन लागू लागल्या. एके दिवशी पुडी मिळाली नाही, तर नाका-डोळ्यांतून पाणी, ठणकणारी हाडे, उलट्या. गर्दुल्ले याला टर्की म्हणतात. तिथून पुढे तो मजेसाठी नव्हे, नुसते उभे राहता यावे म्हणून ओढत होता. घरच्यांना नेमकी हीच पायरी दिसत नाही. आम्हांला दिसली ती नाहीशी झालेली पितळी भांडी. मीही त्याला चोर म्हटले आणि दाराला जादा कडी बसवली.

येरवड्यात मात्र अशा मुलांना रुग्ण मानणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. डॉ. अनिता अवचट, माहेरच्या सुनंदा. मी त्यांना कधी भेटलो नाही. पण आमच्या आळीत त्यांचे नाव नातलगासारखे घेतले जाई.

त्या आणि अनिल अवचट, दोघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. नवऱ्याने लिहावे, समाजकार्य करावे, पैसे आपण मिळवू, असे बाईंनी ठरवले आणि सरकारी नोकरी धरली. (त्या काळात हे किती घरांत घडले असते?) मानसोपचारतज्ज्ञ म्हणून त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात होत्या. अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी रुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झाले.

आज विज्ञान सांगते की आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो, चटक लागणारा भाग मात्र आधीच जागा होतो. म्हणून सोळा-अठराच्या पोराला विळखा लवकर बसतो. अनिताताईंनी उपदेशापेक्षा माया धरली. बरे झालेल्या रुग्णांनाच कार्यकर्ते केले, कारण टर्कीतल्या मुलाजवळ बसायला ती सोसलेलाच माणूस हवा. स्वतःला कर्करोग झाल्यावरही काम सोडले नाही. १० फेब्रुवारी १९९७ ला त्या गेल्या. पुढे लेक मुक्ता हिने ते काम हाती घेतले.

शेजारचा मुलगा येरवड्याहून परतला, पुन्हा घसरला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला सावरला. व्यसन उलटते, तसा मधुमेहही उलटतो, पण मधुमेह्याला कुणी घराबाहेर काढत नाही. हे मला फार उशिरा कळले. माझ्या दाराची ती कडी त्यानेच एकदा हसत दाखवली. मी खाली पाहिले.

आता चाकणला त्याचे दोन लेथ आहेत, हाताखाली चार पोरे. गर्दची जागा मेफेड्रोनने घेतली. २०२० च्या ऑक्टोबरात चाकण भागात पोलिसांनी ते वीस किलो पकडले, तेव्हा त्याने पेपर घडी करून खिशात ठेवला. पगाराच्या दिवशी तो घरी लवकर येत नाही. पोरांबरोबर टपरीवर चहाला थांबतो, शेवटचा बसमध्ये चढेपर्यंत.