बाळयेशूची संत तेरेजा : तीन नाताळांची कहाणी



नाताळ आला की आपली घरे उजळून निघतात. दारात चांदणी लागते, अंगणात गोठा उभा राहतो, स्वयंपाकघरातून तळणाचा वास येऊ लागतो. पण प्रत्येक धर्मग्रामात अशीही काही घरे असतात, जिथे चांदणी लावताना हात जड होतो. वर्षभरात कोणीतरी देवाघरी गेलेले असते, कोणी अंथरुणाला खिळलेले असते, सख्ख्या भावाभावांत बोलणे तुटलेले असते. मध्यरात्रीच्या मिस्सेत सगळे आनंदाने गात असताना बाकावर बसलेल्या एखाद्याला वाटते, माझ्या मनात आनंद का नाही? माझी श्रद्धाच कमी पडते की काय?

अशा प्रत्येकासाठी लिज्यूच्या संत तेरेजाचे चरित्र हा मोठा दिलासा आहे. आपल्याकडे ‘लिटल फ्लॉवर’ म्हणून ती घरोघरी ठाऊक आहे. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेले तिचे चित्र आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्या चित्रातला प्रसन्न चेहरा पाहून तिचे आयुष्य फुलासारखे मऊ गेले असावे, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात ते तसे नव्हते. तिच्या आयुष्यातील तीन नाताळ आठवले, म्हणजे हे लक्षात येते.

तेरेजाचा जन्म 2 जानेवारी 1873 रोजी फ्रान्समधील आलांसों या गावी झाला. वडील लुई मार्टिन घड्याळांचा व्यवसाय करीत. आई झेली ही लेस विणण्यात निपुण होती आणि हाताखाली कामकरी स्त्रिया ठेवून तो धंदा सांभाळीत असे. या दांपत्याला नऊ मुले झाली, त्यांपैकी चार लहानपणीच दगावली. मारी, पोलिन, लिओनी, सेलिन आणि तेरेजा अशा पाच मुली जगल्या. तेरेजा सर्वांत धाकटी. जन्मानंतर ती इतकी अशक्त होती की तिला खेड्यातील एका दाईकडे वर्षभर ठेवावे लागले.

ती साडेचार वर्षांची असताना, 28 ऑगस्ट 1877 रोजी, आई स्तनाच्या कर्करोगाने वारली. हसरी, खेळकर मुलगी एकाएकी मिटून गेली. वडील पाचही मुलींना घेऊन लिज्यू या गावी राहायला आले. तिथे थोरली बहीण पोलिन हिला तेरेजाने आपली दुसरी आई मानले. पण 1882 च्या ऑक्टोबर महिन्यात पोलिन कार्मेल मठात गेली. नऊ वर्षांच्या मुलीची आई दुसऱ्यांदा हरपली. पुढच्या वर्षी तेरेजा एका विचित्र आजाराने अंथरुणाला खिळली. 13 मे 1883 रोजी, पेन्टेकॉस्टच्या दिवशी, बहिणी पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून प्रार्थना करीत होत्या. मूर्तीतली माता आपल्याकडे पाहून हसत आहे, असे तेरेजाला दिसले आणि ती बरी झाली.

शरीर बरे झाले, मन मात्र हळवेच राहिले. कोणी जरासे बोलले की तिच्या डोळ्यांत पाणी उभे राही. रडणे थांबले की आपण रडलो म्हणून ती पुन्हा रडू लागे. आपल्या हातून पाप घडले की काय, ही शंका तिला दिवसरात्र छळत असे. शाळेत ती रमली नाही आणि अखेरीस शाळा सोडावी लागली. घरच्या लाडांमुळे हे सगळे खपून जात होते. 1886 च्या ऑक्टोबरमध्ये मारीही कार्मेल मठात गेली. आता तेरेजा चौदा वर्षांची व्हायला आली होती. आपणही मठात जावे, अशी तिची ओढ होती. पण पावलोपावली रडणारी ही मुलगी मठाचे कडक जीवन कसे जगणार? हे तिलाही कळत होते, तरी स्वतःवर ताबा ठेवणे तिला जमत नव्हते.

अशा अवस्थेत 1886 चा नाताळ आला. वडील, सेलिन आणि तेरेजा मध्यरात्रीच्या मिस्सेला गेली. तेरेजाने ख्रिस्तप्रसाद स्वीकारला आणि सगळे घरी परतले. फ्रान्समध्ये त्या काळी लहान मुले नाताळच्या रात्री आपले बूट शेगडीच्या चुलाणापाशी ठेवीत आणि मोठी माणसे त्यांत भेटवस्तू घालीत. तेरेजा मोठी झाली तरी धाकटी म्हणून तिच्यासाठी ही रीत पाळली जात होती. वडिलांसमोर एकेक वस्तू बाहेर काढायची आणि त्यांनी ते कौतुकाने पाहायचे, हा तिचा दरवर्षीचा आनंद होता.

त्या रात्री वडील थकले होते. ते बूट पाहून, हे पोरखेळ आता या वर्षीच शेवटचे, बरे झाले, अशा अर्थाचे काहीतरी ते त्रासिकपणे बोलून गेले. तेरेजा टोपी काढून ठेवण्यासाठी जिना चढत होती. तिने ते ऐकले. सेलिनने तिच्या डोळ्यांतले पाणी पाहिले आणि लगेच खाली जाऊ नकोस, म्हणून तिला विनवले. खाली गेली तर ती हुंदके देणार, वडिलांना वाईट वाटणार आणि सगळ्यांच्याच सणावर विरजण पडणार, हे सेलिनला ठाऊक होते.

पण त्या क्षणी काहीतरी बदलले. तेरेजाने अश्रू आवरले, धडधडत्या काळजाने जिना उतरली, बूट वडिलांसमोर आणून ठेवले आणि हसत हसत एकेक वस्तू बाहेर काढू लागली. वडिलांचा थकवा पळाला, तेही हसू लागले. सेलिनला तर हे स्वप्नच वाटले.

बाहेरून पाहिले तर ही किती साधी घटना! तिथे ना देवदूत प्रकटले, ना आकाशवाणी झाली. एका मुलीला रडू येत होते आणि ती रडली नाही, एवढेच. परंतु तेरेजाने स्वतः पुढे या रात्रीला आपल्या परिवर्तनाची रात्र मानले. वर्षानुवर्षे धडपडूनही जे तिला साधले नव्हते, ते बाळयेशूने एका क्षणात केले. देवाचा पुत्र तिच्यासाठी दुबळा झाला आणि आपले बळ त्याने तिला दिले, असा तिने त्या रात्रीचा अर्थ लावला. आपले दुःख बाजूला ठेवून समोरच्या माणसाला आनंदी कसे करता येईल, हा विचार त्या रात्रीपासून तिच्या मनात घर करून राहिला.

त्याची प्रचिती लवकरच आली. 1887 साली पॅरिसमध्ये तीन खून केल्याबद्दल प्रांझिनी नावाच्या माणसाला देहदंडाची शिक्षा झाली. तो पश्चात्ताप करायला तयार नव्हता. तेरेजाने त्याच्यासाठी प्रार्थना केली, सेलिनमार्फत मिस्सा अर्पण करवून घेतली. 31 ऑगस्ट रोजी मृत्युदंडापूर्वी शेवटच्या क्षणी त्याने धर्मगुरूंकडून क्रूस मागून त्याचे चुंबन घेतल्याची बातमी तिने वर्तमानपत्रात वाचली. काही महिन्यांपूर्वी स्वतःसाठी रडणारी मुलगी आता एका परक्या गुन्हेगाराला आपले पहिले लेकरू मानू लागली होती.

दुसरा नाताळ 1887 चा. कृपेच्या रात्रीला वर्ष पूर्ण होईल त्याच दिवशी मठात पाऊल टाकावे, अशी तेरेजाची फार इच्छा होती. पण ती लहान म्हणून वरिष्ठ धर्मगुरू आणि बिशप महोदय निर्णय देत नव्हते. ती वडिलांबरोबर यात्रेकरूंच्या गटातून रोमला गेली आणि 20 नोव्हेंबर रोजी पोप लिओ तेरावे यांच्या पायाशी बसून तिने परवानगी मागितली. पोपमहोदयांनी तिला वरिष्ठांचे ऐकण्यास सांगितले. रक्षकांना तिला उचलून बाहेर न्यावे लागले. परत आल्यावर ती रोज टपालाची वाट पाही. नाताळ आला, पण पत्र आले नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेत तिचे डोळे वाहत राहिले.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. आदल्या वर्षी अश्रू आवरण्याची कृपा मिळालेली तेरेजा या नाताळला रडली. म्हणजे ती कृपा निघून गेली होती का? नाही. या वेळी तिने रडून कोणाचा सण बिघडवला नाही, कोणावर राग धरला नाही. डोळे रडत होते आणि मन देवाच्या हाती होते. घरी परतल्यावर खोलीत सेलिनने तिच्यासाठी एका भांड्यातील पाण्यावर छोटीशी नाव तरंगत ठेवली होती आणि त्या नावेत बाळयेशू झोपलेला होता. बाळयेशू झोपला आहे, पण तो आपल्याच नावेत आहे, हे त्या बहिणीने न बोलता सांगितले. पुढे 1 जानेवारी 1888 रोजी परवानगी आल्याचे कळले आणि 9 एप्रिल रोजी, पंधराव्या वर्षी, तेरेजा कार्मेल मठात दाखल झाली. बाळयेशूची तेरेजा हे नाव तिने घेतले आणि पुढे त्याला ख्रिस्ताच्या पवित्र मुखाचीही जोड दिली.

मठात तिने कोणतेही मोठे कार्य केले नाही. झाडलोट, कपडे धुणे, शिवणकाम, मठातील बाळयेशूच्या मूर्तीची फुलांनी सजावट, असे तिचे दिवस गेले. एका वृद्ध, आजारी आणि सहसा समाधान न होणाऱ्या भगिनीला ती रोज संध्याकाळी हात धरून भोजनगृहात नेत असे आणि तिची भाकरी कापून देत असे. एका भगिनीचा स्वभाव तिला मुळीच रुचत नव्हता. तिच्याशी ती इतक्या प्रेमाने वागली की, आपल्यात असे काय आहे म्हणून तेरेजा आपल्यावर एवढी माया करते, असा त्या भगिनीला प्रश्न पडला. जिन्यावर अश्रू पुसण्याचा तो धडा ती रोज नव्याने गिरवीत होती. याच काळात वडिलांना मानसिक आजार जडला आणि त्यांना तीन वर्षे इस्पितळात ठेवावे लागले. लोकांची कुजबुजही सोसावी लागली. 1894 साली ते देवाघरी गेले.

1896 च्या पवित्र आठवड्यात तेरेजाच्या तोंडातून रक्त आले. तिला क्षयरोग झाला होता. आणि त्याच पुनरुत्थान काळात तिच्या मनावर दाट अंधार पसरला. स्वर्ग आहे ही गोष्ट लहानपणापासून तिला श्वासाइतकी सहज वाटत होती. आता तिथे जणू भिंत उभी राहिली. मरणानंतर काहीच नाही, असे आतून कोणीतरी तिला चिडवू लागले.

या अंधारात तिचा शेवटचा नाताळ आला, 1896 चा. त्या कृपेच्या रात्रीला बरोबर दहा वर्षे झाली होती. तीच मध्यरात्र, तोच बाळयेशू, पण श्रद्धेचा गोडवा मनाला जाणवत नव्हता. तरीही तेरेजाने श्रद्धा सोडली नाही. तिने विश्वासाची घोषणा स्वतःच्या रक्ताने लिहून सतत हृदयापाशी बाळगली. शंका आली की ती वाद घालीत बसत नसे, सरळ येशूकडे धाव घेत असे. ज्यांना देव दिसत नाही, त्यांच्याबरोबर आपण एकाच मेजावर बसलो आहोत, असे मानून त्यांच्यासाठी ती हा अंधार सोसत राहिली. आणि गंमत अशी की बरोबरीच्या बहुतेक भगिनींना याचा पत्ताच नव्हता, कारण तिचा चेहरा हसरा होता.

19 ऑगस्ट 1897 रोजी तिने शेवटचा ख्रिस्तप्रसाद घेतला. त्यानंतर आजारपणामुळे तेही शक्य झाले नाही. 30 सप्टेंबर रोजी संध्याकाळी, वयाच्या अवघ्या 24 व्या वर्षी, देवावरील प्रेम व्यक्त करीत तिने प्राण सोडला. आज्ञेखातर लिहिलेल्या तिच्या आठवणी पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाल्या आणि जगभर पोहोचल्या. 1925 साली पोप अकरावे पायस यांनी तिला संतपद दिले. 1927 साली, मठाबाहेर पाऊल न टाकलेल्या या भगिनीला संत फ्रान्सिस झेवियर यांच्यासह मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. समुद्र ओलांडून आपल्या गोव्यापर्यंत आलेला तो महान मिशनरी आणि ही चार भिंतींतील तरुणी, दोघेही एकाच मानाचे धनी झाले. 1997 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून गौरविले. 2015 साली तिच्या आईवडिलांनाही संतपद मिळाले. कोलकात्याच्या मदर तेरेजा यांनी आपले नाव याच संत तेरेजावरून घेतले होते, आणि त्यांनीही अंतरीचा असाच अंधार वर्षानुवर्षे सोसला.

बंधुभगिनींनो, तीन नाताळ आपण पाहिले. पहिल्यात तेरेजाला बळ मिळाले, दुसऱ्यात वाट पाहावी लागली, तिसऱ्यात अंधार होता. तिन्ही रात्री बाळयेशू तोच होता आणि तिन्ही रात्री तिने त्याला धरून ठेवले. श्रद्धा म्हणजे मनाला वाटणारा आनंद नव्हे. आनंद वाटला तर देवाचे आभार मानावेत, नाही वाटला तर त्याच देवाचा हात अधिक घट्ट धरावा, ही श्रद्धा.

या नाताळला आपल्यापैकी कोणाचे मन जड असेल तर त्याने स्वतःला दोष देऊ नये. गोठ्यासमोर यावे, जसे असू तसे यावे. आणि शक्य झाल्यास तेरेजासारखी एक छोटी गोष्ट करावी. घरात कोणी थकून काही लागट बोलले, तर ते सोडून द्यावे. ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे, त्यांच्याकडे फराळाची एक बशी घेऊन जावे. ज्या घरात यंदा चांदणी लागली नाही, तिथे दहा मिनिटे जाऊन बसावे. जिन्यावर अश्रू पुसून खाली उतरायला फार वेळ लागत नाही, पण त्याने अख्ख्या घराचा नाताळ वाचतो.

बाळयेशूची संत तेरेजा, आमच्यासाठी विनंती कर. सर्वांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!