भविष्याचा बाजार आणि धर्मानंद कोसंबी

पावसाने ओढ दिली की जाफराबाद तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी जसा आभाळाकडे पाहतो, तसाच पंचांगाकडेही पाहतो. ज्याचे वर्षाचे उत्पन्नच अनिश्चित, त्याला भविष्य सांगणारा मनुष्य आधार वाटला तर नवल नाही. परंतु त्रिशरण-पंचशील घेतलेल्या घरांतूनही जेव्हा लग्नाचा मुहूर्त विचारला जातो आणि विहारातून परतलेल्या मुलाच्या मनगटावर दृष्टीचा गंडा दिसतो, तेव्हा धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्राचे स्मरण होते.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंदांचे शालेय शिक्षण तुटपुंजेच होते. ‘बालबोधमेवा’ मासिकातील बुद्धचरित्राने ते भारावले आणि १८९९ मध्ये पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी येथे संस्कृतचे अध्ययन करून १९०२ मध्ये ते नेपाळात पोहोचले. तेथील बौद्ध धर्माची अवनती पाहून ते निराश झाले. अखेर कोलंबोच्या विद्योदय परिवेणात त्यांना पाली भाषा आणि भिक्षुदीक्षा लाभली. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले.

लोकाचार या देशांतही होतेच. रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याभोवती जन्मवारानुसार ग्रहांची स्थाने आहेत. सिंहलद्वीपात कित्येक विहारांच्या आवारात देवतांची देवळे आहेत. धर्मानंदांनी मात्र मूळ ग्रंथांचा आश्रय घेतला. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, हस्तरेषा, स्वप्ने, शकुन, लग्नमुहूर्त, किंबहुना पाऊस पडेल की दुष्काळ, हे सांगून पोट भरणे भिक्षूंसाठी गर्ह्य ठरविले आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास यातील मर्म सहज कळावे. येथे निषेध मुख्यतः उपजीविकेचा आहे. दुसऱ्याच्या भीतीवर ज्याची चूल पेटते, त्याला ती भीती नाहीशी करण्यात स्वारस्य उरत नाही.

धर्मानंदांचे स्वतःचे जीवन या कसोटीला उतरले. कलकत्त्यातील अधिक वेतनाची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये पत्करले. हेतू हा की, महाराष्ट्रात राहून बुद्धविचार मराठीत आणता यावा. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास भोगला. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, शरीरलक्षणे पाहून बालकाचे भविष्य वर्तविणाऱ्या ब्राह्मणांची कथा महापदानसुत्तातील विपस्सी बुद्धाची असून ती मागाहून गौतमाच्या चरित्रात शिरली. ज्योतिष्यांना त्यांनी बुद्धचरित्रातूनच बाहेर काढले, असे म्हणावे लागेल.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे उपोषण करीत त्यांनी देह ठेवला. त्यानंतर नऊ वर्षांनी नागपूरला धर्मांतराचा ऐतिहासिक सोहळा झाला आणि बुद्धाचे नाव खेड्यापाड्यांतील घराघरांत पोहोचले. आता प्रश्न उरतो तो आपला. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते; त्या श्रोत्यांत मुहूर्तासाठी पैसे मोजून आलेला एखादा बाप असेल. त्याची चेष्टा करून काही साधणार नाही. त्याची चिंता पिकाची, कर्जाची आणि मुलीच्या संसाराची आहे. ती हलकी करणारे सिंचन, पीकविमा आणि शिक्षण गावात पोहोचले, तर भविष्याचा बाजार आपोआप ओस पडेल.