पन्नाशीत प्रोग्रॅमिंग शिकलेले नोबेल विजेते : एन्रिको फर्मी

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, कॉम्प्युटर हे पोरांचं काम, आपलं आता वय झालं, असं आपण सहज बोलून जातो. तुम्हालाही तसं वाटत असेल तर एन्रिको फर्मी यांच्याबद्दल जरूर वाचा.

फर्मी यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी इटलीतील रोम येथे झाला. ते तेरा वर्षांचे असताना थोरला भाऊ ज्युलिओ अचानक वारला. एकटा पडलेला एन्रिको पुस्तकांत रमला. जुन्या बाजारात मिळालेलं भौतिकशास्त्राचं लॅटिन पुस्तक त्याने वाचून काढलं. पुढे १९३८ मध्ये फर्मींना नोबेल पुरस्कार मिळाला. पत्नी लॉरा ज्यू होत्या आणि इटलीत ज्यूविरोधी कायदे आले होते. म्हणून पुरस्कार घेऊन हे कुटुंब थेट अमेरिकेला गेलं. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत फर्मींच्या नेतृत्वाखाली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडली. अणुबाँबच्या कामातही ते होते, हे मुलांपासून लपवू नये.

१९५२ मध्ये लॉस अलामॉस येथे मॅनिअ‍ॅक हा संगणक तयार झाला. फर्मी तेव्हा पन्नाशीचे. हाताखाली माणसं होती, काम सांगता आलं असतं. पण ते स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकले. आजच्यासारखी सोपी भाषा नव्हती, सूचना आकड्यांच्या सांकेतिक रूपात द्याव्या लागायच्या.

संगणकाला भौतिकशास्त्र कळत नाही, त्याला फक्त आकडेमोड येते. म्हणून प्रश्नाचे बारीक तुकडे करावे लागतात. आत्ता वस्तू कुठे आहे, तिच्यावर बल किती, क्षणभराने ती कुठे असेल? मग हेच पुन्हा पुन्हा. ज्याला प्रश्न नीट समजलाय त्यालाच असे तुकडे पाडता येतात. खरं शिकणं इथेच होतं, नाही का?

फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लॉ उलाम यांनी एक साधा प्रश्न घेतला. स्प्रिंगांनी जोडलेले ६४ कण एका ओळीत आहेत, पण स्प्रिंगांचं बल ताणाच्या अगदी सरळ प्रमाणात नाही. ओळ एका संथ लाटेत हलवली तर ती ऊर्जा हळूहळू सगळ्या प्रकारच्या कंपनांत वाटली जाईल, अशी अपेक्षा होती. प्रोग्रॅम मेरी त्सिंगू यांनी लिहिला. झालं उलटंच! ऊर्जा मोजक्याच कंपनांत फिरली आणि बऱ्याच वेळाने जवळजवळ सगळी पहिल्या कंपनात परत आली. या कोड्यातून भौतिकशास्त्रात संशोधनाची नवी वाट निघाली.

अहवाल १९५५ मध्ये आला, पण तो पाहायला फर्मी नव्हते. २८ नोव्हेंबर १९५४ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं होतं. मेरीताईंचं नाव लेखकांत नव्हतं, फक्त आभारात होतं. वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा त्यांचं नाव आवर्जून घ्या.

आणि एक करून पाहा. मुलांना खाली पडणाऱ्या चेंडूचा तक्ता करायला लावा. दर दशांश सेकंदाला वेग सुमारे १ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. वेगाला ०.१ ने गुणा, ते अंतर आधीच्या अंतरात मिळवा आणि पुढची ओळ लिहा. आधी वहीत, मग कॉम्प्युटरवर. मुलांच्या शेजारी बसून तुम्हीही करा. फर्मींनी पन्नाशीत सुरुवात केली, मग आपल्याला कसला संकोच?